वस्त्रातील रबरी धागा आणि रबराची अधिहर्षता : एक ऐतिहासिक विवेचन

रबराच्या चिकातील प्रथिने ज्यांच्या शरीरास सहन होत नाहीत, अशा व्यक्तींचा विचार वैद्यकीय वाङ्मयात बहुधा हातमोजे, नळ्या व शस्त्रक्रियेची उपकरणे यांच्या संदर्भात होतो. परंतु ही व्यक्ती रुग्णालयातून घरी परतली, की तिच्यापुढे अधिक साधा आणि अधिक चिवट प्रश्न उभा राहतो : अंगावर घालावे काय? कमरपट्टीत, पायमोज्याच्या काठात, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांत आणि बाहीच्या टोकाशी जो ताणला जाणारा धागा असतो, तो कशाचा आहे हे पाहून कळत नाही, हाताला लागून कळत नाही, आणि पुष्कळदा वस्त्रावरील चिठ्ठी वाचूनही कळत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर वैद्यकात अंशतःच सापडते. त्याचा मोठा भाग वस्त्रांच्या, रबर-उद्योगाच्या आणि विक्रीच्या नियमांच्या इतिहासात आहे. या तिन्ही इतिहासांचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१

वस्त्र अंगावर टिकवून कसे धरावे, हा शिवणकामाइतकाच जुना प्रश्न आहे. रबर येण्यापूर्वी त्याची उत्तरे मुख्यतः चार होती : गुंडाळणे व खोचणे, बांधणे, गुंडीने अडकवणे, आणि विणीतच थोडा ताण ठेवणे. महाराष्ट्रातील जुना पेहराव पहिल्या दोन प्रकारांचा उत्तम नमुना आहे. लुगडे व धोतर निऱ्या खोचून आणि कासोटा घालून नेसले जाई. चोळीस पुढे गाठ असे. अंगरख्यास बंद असत, आणि बाराबंदीचे तर नावच तिच्या बंदांवरून पडलेले आहे. लेंगा व परकर नाडीवर राहत. तान्ह्या मुलाचे झबले व टोपडे आजही पुष्कळ घरी बंदांचेच शिवले जाते.

या सर्व व्यवस्थांत एक समान गुण होता. वस्त्र किती आवळावे हे नेसणाऱ्याच्या हाती असे, आणि ते ज्या द्रव्याने आवळले जाई ते द्रव्य उघड दिसत असे. नाडी सुताची आहे हे सांगावयास कोणाची गरज नव्हती. मात्र या गुणामुळे जुनी व्यवस्था सर्वस्वी निर्दोष होती असे समजणे चुकीचे ठरेल. मुंबईतील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, भारतीय जीवनातील सवयींशी संबंध असलेल्या कर्करोगांमध्ये, कमरेशी वर्षानुवर्षे घट्ट नेसलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले आहे. गाठीचा व नाडीचा जाच खराच होता. रबरी धाग्याचे जे स्वागत झाले ते अशा जाचापासून सुटका म्हणून झाले, हे ध्यानात घेतले नाही तर पुढील इतिहास केवळ व्यापाऱ्यांच्या हव्यासाचा वाटू लागेल.

२

मेसोअमेरिकेतील लोक युरोपीयांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके रबराचा चीक एका वेलीच्या रसात मिसळून त्याचे चेंडू व इतर वस्तू करीत असत. युरोपातील विद्वानांचे लक्ष या द्रव्याकडे विशेषत्वाने वळले ते अठराव्या शतकात, ला काँदामीन याने १७३६ मध्ये दक्षिण अमेरिकेतून पॅरिसच्या अकादमीस नमुने पाठविल्यानंतर. तथापि रबर ताणून वस्त्रात बसविण्याची कल्पना उद्योगाच्या रूपाने प्रथम मांडली ती लंडनच्या टॉमस हॅन्कॉक याने. एप्रिल १८२० मध्ये त्याने घेतलेले एकस्व पेहरावातील निरनिराळ्या वस्तूंस रबराच्या साहाय्याने अधिक लवचीक करण्याविषयीचे होते. हातमोज्यांची मनगटे, पँट खांद्यावर पेलणारे पट्टे, पायमोजे व पादत्राणे अशा वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. कच्च्या रबराच्या पट्ट्या कापताना उरणारे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून त्याने ते मळणारे यंत्र तयार केले, आणि त्याच यंत्रावर पुढील रबर-उद्योगाचा पाया घातला गेला. म्हणजेच इंग्लंडातील रबर-उद्योगाचा उगम चाकाच्या धावेत नसून कपड्यात आहे. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य वस्त्र केले, तेही याच परंपरेतले.

या आरंभीच्या रबराचा दोष सर्वपरिचित होता. थंडीत ते कडक होई, उन्हाळ्यात चिकट होई, आणि घाम व अंगाचे तेल लागून लवकर सडे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर व इंग्लंडात स्वतः हॅन्कॉक यांनी गंधक व उष्णता यांच्या योगाने हा दोष दूर केला. हॅन्कॉकचा अर्ज नोव्हेंबर १८४३ मधील असून गुडइयरचे अमेरिकन एकस्व जून १८४४ चे आहे. या व्हल्कनीकरणामुळे रबरी धागा टिकाऊ झाला, आणि विणलेल्या पट्टीत तो सुताच्या आड कायमचा बसविता येऊ लागला.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. व्हल्कनीकृत रबर म्हणजे केवळ झाडाचा चीक नव्हे. त्यात गंधक आला, आणि पुढे त्याच्याबरोबर इतर रसायनेही आली. १९०६ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे जॉर्ज ओन्सलेगर याने ही क्रिया जलद करणारी सेंद्रिय द्रव्ये शोधून काढली. १९२० च्या सुमारास थायुरॅम, डायथायोकार्बामेट आणि मर्कॅप्टोबेंझोथायाझोल या वर्गांतील प्रवेगक वापरात येऊ लागले. त्यांच्यामुळे रबर कमी वेळात, कमी उष्णतेत आणि अधिक एकसारखे तयार होऊ लागले. त्यांचाच काही अंश तयार मालात शिल्लक राहून त्वचेपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट मात्र पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडून कळावयाची होती.

३

एकोणिसाव्या शतकातील रबरी धागा बहुशः रबराचा पत्रा कापून काढलेला असे. त्यामुळे तो चौकोनी व जाड असून त्याची लांबी मर्यादित असे. ही मर्यादा ओलांडण्यास आधी कच्चा माल विपुल व्हावा लागला. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून नेलेली ‘हेविया’ वृक्षाची सुमारे सत्तर हजार बीजे क्यू येथील उद्यानात रुजविण्यात आली, आणि तेथील रोपांतून श्रीलंका व मलाया येथील मळ्यांचा विस्तार झाला. पहिल्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत मळ्यांतील रबराने रानातील रबरास मागे टाकले होते. पुढे अमोनिया घालून टिकविलेला चीक द्रवरूपातच जहाजांनी युरोप-अमेरिकेस जाऊ लागला.

१९३१ च्या सुमारास अमेरिकेत ‘लास्टेक्स’ या नावाने जो धागा बाजारात आला, तो या द्रव चिकापासूनच केलेला होता. चीक बारीक छिद्रांतून ढकलून सलग व गोल धागा काढावयाचा आणि त्यावर सूत, रेशीम अथवा कृत्रिम रेशीम गुंडाळावयाचे, अशी त्याची कृती होती. आता लवचीकपणा पट्टीपुरता न राहता संपूर्ण कापडात विणता येऊ लागला. पोहण्याचे पोशाख, कंबर आवळणारी स्त्रियांची अंतर्वस्त्रे आणि पायमोजे यांचे रूप या धाग्याने पालटले.

अधिहर्षतेच्या दृष्टीने हा बदल दुहेरी महत्त्वाचा ठरतो. पत्र्यासाठी वापरावयाचे सुके रबर तयार करताना चीक गोठविला, दाबला, धुतला व तापविला जातो. त्यामुळे त्यातील विद्राव्य प्रथिनांचा बराच भाग निघून जातो अथवा निष्क्रिय होतो. द्रव चिकापासून थेट केलेल्या हातमोज्यांत, फुग्यांत व धाग्यांत मात्र अशी प्रथिने अधिक राहू शकतात. शिवाय धाग्यावर दुसरे सूत गुंडाळल्याने तो दृष्टीआड होतो. घामास मात्र ते सूत अडवीत नाही. अशा रीतीने जे द्रव्य शरीराच्या अधिक निकट आले, तेच नजरेपासून अधिक दूर गेले.

४

१९४२ मध्ये मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती पडताच दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. ब्रिटनमध्ये कपड्यांवर नियंत्रण होतेच. त्यात इलॅस्टिकच्या वापरावरही निर्बंध आले, आणि गुंडी व फीत यांना पुन्हा मागणी आली. रबरी धाग्याखेरीजही समाजाचे वस्त्रव्यवहार चालू शकतात, हे या काळाने अनिच्छेनेच सिद्ध केले. परंतु त्यापासून जो धडा घेतला गेला तो निराळा होता : मळ्यावर अवलंबून नसलेला लवचीक धागा प्रयोगशाळेत निर्माण केला पाहिजे.

ते कार्य ड्यू पाँ कंपनीच्या व्हर्जिनियातील वेन्सबरो येथील प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स याने १९५८ मध्ये सिद्धीस नेले. त्याचा धागा पॉलियुरेथेन वर्गातील बहुवारिकाचा होता. प्रथम त्यास ‘फायबर के’ म्हणत. पुढे तो ‘लायक्रा’ या व्यापारी नावाने प्रसिद्ध झाला, आणि त्याचे जातिवाचक नाव अमेरिकेत ‘स्पॅन्डेक्स’ व युरोपात ‘इलास्टेन’ असे रूढ झाले. हा धागा रबराहून बारीक, हलका आणि घाम व तेल यांना अधिक दाद न देणारा होता. त्यात झाडाचा चीक मुळीच नाही. म्हणून चिकाची प्रथिनेही नाहीत. रबराची अधिहर्षता असलेल्या मनुष्यास आज जे वस्त्रस्वातंत्र्य लाभले आहे, त्याचा मोठा भाग या शोधामुळे लाभलेला आहे. परंतु ते त्याच्यासाठी केलेले नव्हते. १९५८ मध्ये चिकाच्या प्रथिनांची अधिहर्षता हा वैद्यकाचा मान्य विषयच नव्हता. व्यापाराच्या गरजेतून निघालेल्या धाग्याचा त्याला योगायोगाने लाभ झाला. जे योगायोगाने मिळते त्याची हमी कोणी देत नाही, याचा प्रत्यय पुढे येतो.

५

रबरी वस्तूमुळे अंगावर गांधी उठल्याची एक नोंद जर्मन वैद्यकीय वाङ्मयात १९२७ मध्येच झालेली आहे. तेथे कारण रबराची कवळी हे होते. पण या नोंदीचा धागा पुढे पन्नास वर्षे कोणी धरला नाही. १९७९ मध्ये ब्रिटनमधील नटर या त्वचारोगतज्ज्ञाने घरगुती रबरी हातमोज्यांमुळे तत्काळ गांधी उठणाऱ्या एका गृहिणीचे वर्णन केले, आणि तेव्हापासून चिकाची अधिहर्षता हा स्वतंत्र विषय झाला. १९८७ मध्ये अमेरिकेत रक्तजन्य संसर्ग टाळण्यासाठी सर्व रुग्णांच्या बाबतीत हातमोजे वापरण्याची शिफारस झाली. हातमोज्यांची मागणी प्रचंड वाढली, आणि त्यांच्या भुकटीबरोबर प्रथिनेही रुग्णालयांच्या हवेत पसरू लागली. १९८८ ते १९९२ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे चिकाच्या दुष्परिणामांच्या हजारांहून अधिक नोंदी आल्या व त्यांत पंधरा मृत्यू होते. भुकटीयुक्त हातमोज्यांवर तेथे २०१७ मध्ये बंदी आली.

या संशोधनातून एका नावाखाली दोन भिन्न विकार वावरत होते हे स्पष्ट झाले. पहिल्या प्रकारात शरीर चिकातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. स्पर्शानंतर काही मिनिटांतच खाज, गांधी, शिंका, दमा आणि क्वचित प्राणघातक सर्वदेही प्रतिक्रिया उद्भवते. अशा व्यक्तींपैकी काहींना केळे, ॲव्होकॅडो, किवी वा चेस्टनट ही फळेही बाधतात, कारण त्यांतील काही प्रथिने चिकातील प्रथिनांशी जुळती आहेत. दुसऱ्या प्रकारात प्रतिक्रिया प्रथिनांविरुद्ध नसून प्रवेगकादी रसायनांविरुद्ध असते. ती एक-दोन दिवसांनी उमटते, आणि कमरपट्टीच्या अथवा मोज्याच्या काठाच्या नेमक्या जागी इसबासारखा पट्टा दिसू लागतो.

वस्त्र निवडताना हा भेद निर्णायक ठरतो. पहिल्या प्रकारच्या रुग्णास निओप्रीनसारखे कृत्रिम रबर चालू शकते, कारण त्यात प्रथिने नसतात. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णास तेच बाधू शकते, कारण प्रवेगक त्यातही असतात. स्पॅन्डेक्सविषयीसुद्धा सरसकट विधान करता येत नाही. १९६० नंतरच्या दशकात स्पॅन्डेक्सच्या अंतर्वस्त्रांमुळे त्वचादाह झाल्याच्या नोंदी अमेरिकेत व ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांपैकी काहींचे मूळ तत्कालीन धाग्यात मिसळलेल्या मर्कॅप्टोबेंझोथायाझोलमध्ये सापडले. याहून बोधप्रद उदाहरण १९७५ मधील आहे. अमेरिकेतील जॉर्डन व बोर्लास यांनी असे दाखविले की अंतर्वस्त्राच्या इलॅस्टिकमधील एक डायथायोकार्बामेट प्रवेगक धुलाईच्या क्लोरीनयुक्त विरंजकाने बदलतो, आणि त्यापासून बनणारे नवे द्रव्य त्वचेस प्रखरपणे संवेदनशील करते. म्हणजे नव्या कोऱ्या स्थितीत निर्धोक असलेले वस्त्र घरच्या धुण्यात दोषी होऊ शकत होते. कारखाना, दुकान व चिठ्ठी यांपैकी कोणाकडेही या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते धुण्याच्या बादलीत होते.

६

आता चिठ्ठीकडे वळावयास हरकत नाही. वस्त्रातील तंतूंची नावे ग्राहकास कळावीत यासाठी अमेरिकेत १९५८ मध्ये कायदा झाला व १९६० पासून तो अमलात आला. त्याचा उद्देश लबाडी रोखणे हा होता. कृत्रिम धागा लोकर म्हणून विकला जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती. आरोग्याचा विचार त्यात नव्हता, आणि त्याचे परिणाम दोन ठिकाणी दिसतात. पहिले असे की कमरपट्ट्या, काठ आणि वस्त्र धरून ठेवण्यासाठी अल्प प्रमाणात घातलेले इलॅस्टिक हे या नियमांत वस्त्राचे गौण साहित्य समजले जाते व त्याचे घटक सांगण्याचे बंधन राहत नाही. ‘शंभर टक्के सुती’ असे लिहिलेल्या चड्डीच्या कमरेत रबर असू शकते, आणि ती चिठ्ठी खोटी ठरत नाही. दुसरे असे की जेथे रबराचा उल्लेख होतो तेथेही ‘रबर’ या एकाच संज्ञेत नैसर्गिक व कृत्रिम अशी दोन्ही रबरे मोडतात. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमावलीत ‘इलास्टेन’ व ‘इलास्टोडाइन’ अशी दोन नावे निरनिराळी आहेत, ही सोय खरी. पण ‘इलास्टोडाइन’मध्येही नैसर्गिक व कृत्रिम असा भेद नाही, आणि मर्यादित जागी घातलेले लवचीक धागे व पट्ट्या तेथेही घटकांच्या गणनेतून वगळल्या आहेत.

याउलट वैद्यकीय उपकरणांसाठी अमेरिकेने १९९७ मध्ये जाहीर करून सप्टेंबर १९९८ पासून लागू केलेला नियम पाहावा. नैसर्गिक चीक ज्यात आहे अशा, शरीरास लागणाऱ्या प्रत्येक उपकरणावर तशी सूचना असलीच पाहिजे. सुके रबर असल्यास तेही वेगळे सांगितले पाहिजे. आणि अशा वस्तूवर ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे अधिहर्षता क्वचितच उत्पन्न करणारी, असे लिहिता कामा नये. या शेवटच्या बंधनामागे कटू अनुभव होता. ज्यात प्रवेगक कमी केले आहेत असे हातमोजे त्या शब्दाखाली विकले जात. परंतु त्यांत प्रथिने असतच, आणि पहिल्या प्रकारचे रुग्ण तो शब्द वाचून निर्धास्त होत.

दोन नियमांतील अंतर एका वस्तूवरून स्पष्ट होते. पायाच्या शिरांच्या विकारासाठी वैद्याने सांगितलेला दाब देणारा मोजा हे वैद्यकीय उपकरण आहे. त्यात चीक असेल तर तसे लिहावे लागते. त्याच धाग्याचा काठ असलेला साधा मोजा हे वस्त्र आहे. त्यावर काहीच लिहावे लागत नाही. कातडी तीच, धागा तोच, प्रतिक्रियाही तीच. परंतु कायद्याच्या दृष्टीने पहिला मनुष्य रुग्ण आहे व दुसरा केवळ ग्राहक.

७

वरील विवेचनावरून सुखकर वस्त्राचा शोध घेणाऱ्या अधिहर्ष व्यक्तीस काही निष्कर्ष उपयोगी पडतील. आपला विकार प्रथिनांचा आहे की प्रवेगकांचा, हे त्वचेच्या व रक्ताच्या चाचणीने ठरवून घेणे हे पहिले काम. त्यावाचून केलेली निवड अंधारातील निवड होय. ‘इलॅस्टिक’ हा शब्द गुण सांगतो, द्रव्य सांगत नाही. म्हणून त्यावर विसंबू नये. पोहण्याच्या पोशाखाविषयी विशेष सावध असावे, कारण क्लोरीनच्या पाण्यात साधे स्पॅन्डेक्स लवकर झिजते म्हणून त्यांच्या काठांत रबरी पट्टी घालण्याची पद्धत टिकून आहे. विरंजक शक्य तो टाळावा. आणि जेथे उत्पादकाकडून निश्चित उत्तर मिळत नाही, तेथे शिंप्याकडून पट्टी उसवून नाडी, बंद अथवा गुंडी लावून घेणे हा उपाय जुना असला तरी खात्रीचा आहे. नाडी मात्र रुंद व सैल असावी, एवढे खानोलकरांच्या निरीक्षणावरून शिकण्यासारखे आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास यातून निराळा प्रश्न सुचतो. वस्त्रांचा इतिहास बहुधा रूपाचा, दर्जाचा व व्यापाराचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि ‘सुखकर’ हे विशेषण त्यात स्वयंसिद्ध मानले जाते. रबरी धाग्याचा इतिहास दाखवितो की सुख हीदेखील ऐतिहासिक घटना आहे. ते कोणत्या तरी विशिष्ट शरीरास प्रमाण मानून घडविलेले असते. बंद व नाडी यांच्या काळात वस्त्र जाचत असे, पण ते कशाने जाचते हे कळत असे. रबरी धाग्याने तो जाच बहुसंख्यांसाठी नाहीसा केला, आणि थोड्यांसाठी अदृश्य केला. त्या थोड्यांना अधिक कोमल कापडाची गरज नाही. त्यांना धाग्याचे खरे नाव कळण्याची गरज आहे. हॅन्कॉकपासून आजवर दोनशे वर्षे हा धागा अधिकाधिक बारीक, टिकाऊ व गुप्त होत आला. त्याला त्याच्या नावासह पुन्हा उघड करणे हे प्रयोगशाळेचे काम नव्हे. ते नियम करणाऱ्यांचे काम आहे, आणि वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत १९९८ मध्ये ते होऊ शकले, म्हणून वस्त्रांच्या बाबतीत ते अशक्य आहे असे म्हणता येत नाही.